अधिकार आणि अवधान

वारकरी सज्जनहो, भांडण उत्पन्न कोठे होते आणि ते वाढते कशाने, ह्याचा विचार आज आपण करावयाचा आहे. घरातले भांडण, भावकीतले भांडण, बांधावरचे भांडण ह्यांवर कीर्तनांतून पुष्कळ सांगून झाले आहे. परंतु काळ पालटला. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसमंतात चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, वाळूजला बजाजचा दुचाकीचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या गावोगावचा कुणबी, बलुतेदार, शेतमजूर पाळीवर जाणारा कामगार झाला. गळ्यात माळ तीच, कपाळी बुक्का तोच. फक्त सकाळची वाट शेताकडे जात होती ती आता कारखान्याच्या फाटकाकडे जाते. तेव्हा जेथे आपला माणूस दिवसाचे आठ-आठ, बारा-बारा तास घालवितो, तेथील भांडणाचा विचार परमार्थाने करावयाचा नाही, तर मग कोणी करावयाचा?

आता ह्या भांडणाचे रूप पहा. एका यंत्रावर चार माणसे आहेत. वरचा साहेब सकाळी आला, माल कमी निघाला म्हणून सर्वांदेखत मुकादमाला वाटेल ते बोलला. मुकादम साहेबाला काय बोलणार? तो वळला आणि यंत्र चालविणाऱ्याला बोलला. त्याने मदतनीसाचा बाप काढला. मदतनीस नवा पोरगा. त्याने शेजारच्या रांगेतल्या दुसऱ्या पोराशी भांडण उकरून काढले. संध्याकाळी घरी जाऊन बायकोचे ताट लोटले. बरे, ह्या साखळीत मूळ अपराध कोणाचा, असे विचारले तर प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. वड्याचे तेल वांग्यावर काढणे, असे आपल्या आयाबाया ह्याला म्हणतात. चुलीजवळच्या ह्या म्हणीत जे शास्त्र आहे, तेच पुढे पंडितांनी विद्यापीठांत बसून मांडले. बेनेट टेपर नामक अमेरिकी प्राध्यापकाने २००० साली ह्यावर निबंध लिहिला. अंगाला हात न लावता, पण शब्दांनी, नजरेने, तुच्छतेने जो अधिकारी हाताखालच्या माणसाला नित्य छळतो, त्याच्या वागण्याचे परिणाम त्याने तपासले. ज्यांच्या वाट्याला असा वरिष्ठ येतो त्यांचे कामावरून मन उडते, घर आणि काम ह्यांची ओढाताण वाढते, पुष्कळ जण काम सोडून जातात. ‘नित्य’ हा शब्द ध्यानात ठेवा. कोणाचा एखादे दिवशी तोल जाणे वेगळे, आणि टोचून बोलणे हीच ज्याची कामाची रीत आहे तो वेगळा.

ह्या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण पहावयाचे तर महाभारतात पहावे. दुर्योधनाकडे अकरा अक्षौहिणी सैन्य, पांडवांकडे सातच. भीष्म, द्रोण, कर्ण, अश्वत्थामा, कृप, शल्य, एकाहून एक योद्धे. असा संच पुन्हा जमणे नाही! मग हरले कसे? व्यासांनी कारण लपविलेले नाही. युद्ध सुरू होण्यापूर्वीच भीष्मांनी भर सभेत कर्णाला अर्धरथी म्हटले, आणि कर्णाने भीष्म रणात आहेत तोवर शस्त्र धरणार नाही असे सांगितले. दहा दिवस कर्णासारखा वीर तंबूत बसून राहिला. राजा म्हणून हे मिटविणे दुर्योधनाचे काम होते. पण तो काय करीत होता? आठव्या दिवसाच्या रात्री भीष्मांकडे जाऊन, पांडवांवर तुमचे प्रेम असेल तर बाजूला व्हा आणि कर्णाला लढू द्या, अशा अर्थाचे बोलला. त्या वाक्शल्याने पितामह कसे विद्ध झाले ते व्यासांनी वर्णिले आहे. पुढे जयद्रथ पडल्यावर हीच वागणूक द्रोणाचार्यांना मिळाली. ज्याने उभे आयुष्य आपल्यासाठी झिजविले त्यालाच ‘तू तिकडचा आहेस’ म्हणणे, ही दुर्योधनाची रीत. अशा धन्याच्या पदरी एकाहून एक वीर असले तरी ते एकमेकांचे होत नाहीत.

आता आपण कर्णपर्वात येऊ. सतरावा दिवस. ह्या एकाच पर्वात दोन भांडणे आहेत, आणि आजच्या निरूपणाचा सारा गाभा ह्या दोहोंत आहे.

पहिले भांडण कौरवांकडचे, ते एका रथावरचे. कर्ण योद्धा आणि शल्य सारथी. शल्य मद्र देशाचा राजा. पांडवांना मिळावयास निघाला असता वाटेत दुर्योधनाने आपले नाव लपवून त्याचे आदरातिथ्य केले आणि शब्दात अडकवून त्याला आपल्या पक्षात ओढले. अशा माणसाला पुढे कर्णाचे सारथ्य करावयास लावले. त्याला तो अपमान वाटला. मी वाटेल ते बोलेन, ही अट घालून तो रथावर चढला. आणि तो बोललाही! त्याने कर्णाला कावळा ठरविले, अर्जुनाला हंस ठरविले. कर्णाने उलट त्याच्या देशाचा, त्याच्या लोकांचा उद्धार केला. अहो, समोर शत्रू उभा, आणि लगाम धरणारा व बाण सोडणारा एकमेकांचे कुळ काढीत आहेत! दुर्योधनाने मध्ये पडून एकाला मित्रभावाने आवरले, दुसऱ्यापुढे हात जोडले. परंतु जी जीभ रोज टोचते तिने एके दिवशी गोड बोलून काय साधणार? तोंडे मिटली, मने मिटली नाहीत.

दुसरे भांडण पांडवांच्या तंबूतले. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन धर्मराज शिबिरात परतले होते. ते दिसेनात म्हणून अर्जुन आणि श्रीकृष्ण विचारपूस करावयास आले. धर्मराजांना वाटले, हे कर्णाला मारूनच आले. तसे नाही हे कळताच धर्मराज, होय, साक्षात् धर्मराज, अर्जुनाला नाही नाही ते बोलले. तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक, असेही म्हणाले. येथे सूक्ष्म विचार करा. धर्मराज दुष्ट अधिकारी नव्हेत. ते थकले होते, जखमी होते, लाजले होते. म्हणजे चांगल्या माणसाच्या तोंडूनही अधिकाराचा विषारी शब्द निघू शकतो. आणि अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती की, गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवीन. त्याने तलवार उपसली.

तेव्हा भगवंतांनी काय केले? उपदेश मागाहून केला. आधी एक साधा प्रश्न विचारला, की अर्जुना, तू तलवार का बरे काढलीस? येथे मारण्याजोगा तर मला कोणी दिसत नाही. सज्जनहो, ह्या प्रश्नाचे मोल ओळखा. क्रोध आणि कृती ह्यांच्यामध्ये भगवंतांनी एक श्वासाची जागा केली. हात तलवारीवर आहे, आणि आपला हात कोठे आहे हे त्याला पहावयास लावले. ह्यालाच आम्ही अवधान म्हणतो.

पुढे अर्जुनाची प्रतिज्ञाही राहावी आणि भावाचा जीवही राहावा म्हणून भगवंतांनी तोड काढली, ती तर प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लिहून ठेवण्यासारखी आहे. ते म्हणाले, वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध होय. नुसते एकेरी बोल, प्रतिज्ञा पुरी झाली! अर्जुन बोलला, आणि बोलल्याबरोबर पश्चात्तापाने स्वतःचाच वध करावयास निघाला. मग आत्मस्तुती हाच आत्मघात, असे सांगून भगवंतांनी तेही निभावले. शेवटी पाय धरणे झाले. मन दुखावून धर्मराज वनात जावयास उठले होते, त्यांना भगवंतांनी परत बसविले, भाऊ भावाला कडकडून भेटला. त्याच दिवशी कर्णवध झाला.

दोन्हीकडे भांडण झाले, हे विसरू नका. चार माणसे एकत्र काम करणार तेथे मतभेद व्हावयाचाच. फरक इतकाच की, एका भांडणात मध्ये श्रीकृष्ण होता, दुसऱ्यात नव्हता. आणि ज्या मुखाने वयाने थोर अशा कामगाराला भर रांगेत ‘ए, तू इकडे ये’ म्हणून बोलावले जाते, त्या मुखाने भगवंतांच्या न्यायाने काय केले, हे आता निराळे सांगावयास नको.

आता अवधान म्हणजे काय, ते थोडे शास्त्राने पाहू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी नाशाची पायरी सांगितली आहे. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश, त्यापासून बुद्धिनाश आणि मग सर्वनाश. येथील ‘स्मृति’ ह्या पदाकडे लक्ष द्या. आपल्या वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत ज्यांच्या मूर्ती आहेत त्या भगवान बुद्धांनी साधना सांगितली, तिचे पाली नाव ‘सति’. ती संस्कृतातली ‘स्मृति’च होय. क्षणाक्षणाला आपल्या श्वासाची, देहाची, मनात उठलेल्या लहरीची शुद्ध ठेवणे, आणि तिला चांगले-वाईट न म्हणता नुसते पाहणे, असा तिचा अर्थ. तीच साधना जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ पासून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे रोग्यांना शिकविली, आणि तेथून ती जगभरच्या रुग्णालयांत व कचेऱ्यांत गेली. म्हणजे क्रोध जे हिरावून नेतो, तेच ही साधना राखते. आमच्या माउलींनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी एकच दान मागितले आहे, ते अवधानाचे. धन नाही, मान नाही, अवधान!

अलीकडे २०१८ साली लिंगताओ यू आणि मेरी झेल्मर-ब्रून ह्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. कामातला मतभेद निराळा आणि माणसामाणसांतला द्वेष निराळा. परंतु पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. हा नट असा बसवावा की तसा, एवढ्यावरून सुरुवात होते आणि जातीपातीपर्यंत मजल जाते. ज्या गटाला, एकट्यादुकट्याला नव्हे तर साऱ्या गटाला, समोर घडते आहे ते शांतपणे पाहण्याची सवय असते, तेथे हे रूपांतर कमी होते आणि एकमेकांचे पाय ओढणेही कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष. आम्हां वारकऱ्यांना ह्यात नवल नाही. एकटा टाळकरी कितीही निष्णात असो, पंचवीस टाळ एका ठेक्यात पडले तर भजन; नाही तर तो गोंगाट.

आता आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते. पैठणचे नाथमहाराज लहान वयात त्यांच्यापाशी गेले, सेवेला राहिले आणि हिशेब लिहू लागले. परंपरा सांगते की, एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि चूक सापडल्याबरोबर आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी जागे झाले. आता विचार करा, आजच्या एखाद्या साहेबाची झोप अशी मोडली असती तर? आधी चूक झालीच कशी, म्हणून खडसावले असते. स्वामींनी तसे केले नाही. एका पैसाठी जे चित्त इतके एकाग्र होते ते परमात्म्याकडे लागले तर काय होईल, असे म्हणून त्यांनी शिष्याला वाट दाखविली. ह्या कथेचा परमार्थ आपण नेहमी ऐकतो. आज तिच्यातला व्यवहार पहा. चूक शोधण्यात नाथांना आनंद वाटला, कारण चूक सांगण्याचे भय नव्हते. जेथे भय असते तेथे माणूस चूक शोधीत नाही, ती झाकतो. आणि वहीतली झाकलेली चूक पैची असेल, पण यंत्रावरची झाकलेली चूक एखाद्याचे बोट नेते, हात नेते. जो अधिकारी ओरडून काम करून घेतो त्याच्या कानावर खरी बातमी सर्वांत शेवटी येते.

दुसरीही कथा प्रसिद्ध आहे. स्वामी समाधीत असता शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंचा पोशाख चढविला, लढून शत्रू परतविला, पोशाख जागच्या जागी ठेवला आणि त्याचा उच्चारही केला नाही. धाकात ठेवलेला नोकर हे करणार नाही. तो हुकूम येईतो हात बांधून उभा राहील. विश्वासाने वाढविलेला माणूसच धन्याची लाज राखतो.

येथे एक शंका येते आणि ती खरी आहे. कोणी म्हणेल, महाराज, नाथांच्या अंगावर एक उद्धट मनुष्य पुन्हापुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले. तेव्हा साहेब बोलला तर आम्हीही मुकाट्याने सोसावे, हाच परमार्थ ना? किंबहुना, काही ठिकाणी हीच कथा वरिष्ठच हाताखालच्यांना सांगतात, ध्यानाचा वर्ग भरवितात, आणि वर्ग संपल्यावर पूर्ववत् शिव्या सुरू! ह्यावर आमचे उत्तर स्पष्ट आहे. नाथांना छळणाऱ्या त्या माणसाच्या हाती नाथांची भाकरी नव्हती. नाथ वाटेल तेव्हा दुसऱ्या घाटाने जाऊ शकत होते. ते आपल्या खुशीने सोसत होते. म्हणून तिला शांती म्हणावे. ज्याच्या पोराबाळांचे पोट दुसऱ्याच्या जिभेवर टांगलेले आहे, त्याच्या गप्प बसण्याला शांती म्हणणे हा शांतीचाच अपमान होय. शांतीचा उपदेश आधी ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला करावा. २०२४ साली पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणी संस्थेत नुकतीच लागलेली सव्वीस वर्षांची मुलगी वारली, आणि कामाच्या ओझ्याने ती खचली असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखाला पत्र लिहून सांगितले. संस्थेने ते मानले नाही. वाद असो, पण आईला असे पत्र लिहावे लागावे, ही गोष्टच कोणाही अधिकाऱ्याची झोप उडविण्यास पुरेशी आहे.

तर मग अवधानी माणसाने अन्याय कसा सांगावा? त्याचा पाठ आपल्या वारीतच आहे. माउलींच्या पालखीची शिस्त हैबतबाबा आरफळकर ह्यांनी घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. मुक्कामी संध्याकाळी समाज आरतीसाठी दिंड्या तळावर जमतात. चोपदार चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती थांबत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीजवळ जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा करतात. आणि मगच आरती होते. केवढी ही योजना! तक्रार करणाऱ्याला कोणी बंडखोर म्हणत नाही. तक्रार सांगण्याचे साधनही भजनाचेच, शिवी नव्हे. आणि एका दिंडीचे ऐकल्याखेरीज देवाची आरतीसुद्धा खोळंबते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार ह्यांच्या समसमान सभासदांची तक्रार निवारण समिती असावी, असे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. ही समिती म्हणजे कारखान्यातला चोपदार. तो कागदावरच असेल तर टाळ कोणाला ऐकू जाणार?

म्हणून आता थोडक्यात आचरण सांगतो.

ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने बोलण्यापूर्वी एक श्वास थांबावे आणि आपला हात तलवारीवर आहे काय, हे पहावे. चूक एकांतात सांगावी, कौतुक चारचौघांत करावे. कामाला नाव ठेवावे, माणसाला नाही. आईबापाला, जातीला, गावाला तर कदापि नाही. वयाने मोठ्या माणसाला अहोजाहो करावे, मग तो झाडू मारणारा का असेना. आपल्या संप्रदायात मोठा लहानाच्या पाया पडतो तो काही उगाच नव्हे.

जो बरोबरीचा सोबती आहे त्याने वरून आलेला राग खाली वाहू देऊ नये. ‘हा मजवर का ओरडला’ ह्यापूर्वी ‘ह्याच्यावर कोण ओरडले’ हे मनात आणावे. दोघे भांडत असता एकाला तरी श्रीकृष्णासारखा साधा प्रश्न विचारता आला पाहिजे. पाळी सुरू होताना सर्वांनी मिळून अर्धा मिनिट निवांत उभे राहावे. चोप वर गेल्यासारखे. ह्याला पैसा पडत नाही.

आणि ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याने नामस्मरण जरूर करावे, परंतु ते तोंडावरचे झाकण म्हणून नव्हे, पायाखालची जमीन म्हणून. मन स्थिर झाले म्हणजे काय घडले, कोणत्या दिवशी घडले, कोणासमक्ष घडले, हे नीट टिपता येते. मग एकट्याने न जाता सोबत्यांसह जावे, शिवी न देता बोलावे, आणि ऐकून घेतले जाईपर्यंत टाळ थांबवू नये. त्यातूनही कोणी ऐकतच नसेल आणि जीव कासावीस होत असेल, तर घरी सांगावे, डॉक्टरला दाखवावे, दुसरी वाट पहावी. विठ्ठलाने भाकरी एकाच फाटकात ठेवलेली नाही.

शेवटचे एकच. हे सारे कारखान्यापुरते आहे असे समजून कोणी घरी जाऊ नये. फड हीही कामाची जागाच आहे. ठेका चुकला म्हणून भर कीर्तनात मृदंग्याकडे डोळे वटारणारा बुवा, म्हाताऱ्या विणेकऱ्यावर खेकसणारा दिंडीप्रमुख आणि माल कमी निघाला म्हणून मुकादमाला फाडून खाणारा साहेब, ही एकाच कुळातली माणसे. रंगावर उभे राहणाऱ्या आम्हां मंडळींनी तर हे आधी ध्यानी धरावे, कारण आमच्या मुखातून निघालेल्या कठोर शब्दाला श्रोते धर्म समजण्याचा संभव असतो. येत्या नाथषष्ठीस पैठणच्या वाळवंटी काल्याचा प्रसाद घेताना प्रत्येकाने मनाशी आठवावे, की काल्यात कोणाची शिदोरी कोणती हे ओळखू येत नाही. धनी आणि गडी एकाच पानात जेवतात. तो काला दुसऱ्या दिवशी कामाच्या जागीही थोडासा तरी न्यावा, एवढेच सर्व सज्जनांच्या चरणी मागणे.

रामकृष्णहरि.